अक्का, तो शेवट तुझा नव्हता

अक्का, हे मी पुस्तकी भाषेत लिहिते आहे, त्याबद्दल आधी माफ कर. तुझ्याशी मी अशी कधी बोलले नाही. ओट्यावर बसून असं बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "कोन सायबीन उनी वं ही?" कोण साहेबीण आली गं ही? पण हे कॉलेजच्या अंकात छापून येणार आहे. ज्यांनी माझं खोटं वाचलं, त्यांनीच हेही वाचावं असं मला वाटतं, म्हणून त्यांना कळेल अशा भाषेत लिहिते. तू जिथे बोलतेस तिथे तुझेच शब्द ठेवले आहेत. त्यात माझं काही घातलेलं नाही. या वेळी नाही.

तू सोमवारी गेलीस. मला बुधवारी कळलं. आईनं फोनवर आधी पेपर कसा गेला ते विचारलं. मी म्हटलं, बरा गेला. मग ती म्हणाली, "अक्का गई वं, सोमवारले. तुन्हा पेपर व्हता म्हनीसन सांगं नही."

मी जळगावला होस्टेलच्या जिन्यात उभी होते. नुकताच देऊन आलेला पेपर लोकसाहित्याचा होता. त्यात एक प्रश्न होता, लोककथेत सांगणारा आणि ऐकणारा यांचं नातं उदाहरणासह स्पष्ट करा. मी चार पानं लिहिली होती. उदाहरण तुझं दिलं होतं. आमच्या शेजारच्या अक्का हुंकारा दिल्याशिवाय कहाणी पुढे नेत नाहीत, असं लिहिलं होतं. 'नेत नाहीत' असं लिहिलं, आणि तू तेव्हा दोन दिवसांपूर्वीच गेलेली होतीस.

आम्ही साक्रीकडून या गावात आलो तेव्हा मी दुसरीत होते. वडिलांना लोडिंग रिक्षा चालवायला मिळाली म्हणून आलो. रस्त्याला लागून शेवटची दोन घरं, एक तुझं आणि एक आम्हाला भाड्यानं मिळालेलं. आई दिवसभर कापसात असायची. मी शाळेतून आले की तुझ्या ओट्यावर. तू शेंगा फोडत बसलेली असायचीस आणि माझ्यासाठी शेजारी एक पोतं टाकलेलं असायचं. तुझ्याकडून पाणी मिळायचं ते पितळेच्या एका काठ नसलेल्या तांब्यातून. मी विचारायचे, याचा काठ कुठे गेला? तू म्हणायचीस, "त्याले काठ व्हताच कवय?" म्हणजे त्याला काठ होताच कधी.

मूठभर शेंगा माझ्यापुढे टाकून तू कहाणी सुरू करायचीस. दर वाक्याला थांबायचीस. मी 'हं' म्हटलं की पुढचं वाक्य. मी शेंगा खाण्यात गुंगले आणि 'हं' राहिला की तू तिथेच थांबायचीस, राजा घोड्यावर चढत असला तर तसाच अर्धा चढलेला राहायचा. "हुंकारा नही तं कहानी नही. कोनले सांगू मी? भिंतले?" मी घाईघाईनं 'हं हं हं' करायचे. तू म्हणायचीस, तीन नको, एकच दे, पण मनापासून दे.

हे सगळं मला माहीत होतं, अक्का. माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पहिलं वर्ष मी वर्गात जवळजवळ गप्पच होते. तोंड उघडलं की गावाकडचं काहीतरी निघेल याची धास्ती असायची. दुसऱ्या वर्षी लोकसाहित्याचा विषय आला. मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या, "या कहाण्या आपण पाठ करणार नाही, सांगणार आहोत. गोष्टीत जो आहे पण बोलत नाही, त्याच्या तोंडून सांगायची." कापड दुकानदाराच्या घरातल्या निकितानं वनवासातल्या राणीच्या थाळीला चिकटून राहिलेल्या भाजीच्या पानाच्या तोंडून गोष्ट सांगितली. धुळ्याकडच्या एका मुलानं देव होण्याआधीच्या, शेंदूर लागण्याआधीच्या दगडाच्या तोंडून सांगितली. तो दगड म्हणाला, मला आधी नुसतं ऊन माहीत होतं. निकितानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मला वाटलं, हे तर मलाही येईल. असं पहिल्यांदाच वाटलं.

मॅडमचा नियम साधा होता. आधी ऐकलेली कहाणी ऐकली तशी लिहायची आणि खाली सांगणाऱ्याचं नाव टाकायचं. मग दुसऱ्या पानावर आपण रचलेली, खाली आपलं नाव. दोन पानं वेगळी ठेवायची.

त्या शनिवारी मी गावाला आले आणि तुला म्हटलं, अक्का, डोहाची कहाणी सांग, रेकॉर्ड करायची आहे. तू खूश झालीस. पदर नीट केलास, जसा काही फोटोच काढायचा आहे. "चालू कर तुन्हं यंत्र," म्हणालीस.

आणि मी एक शहाणपण केलं. रेकॉर्डिंगमध्ये तुझाच आवाज स्वच्छ यावा, मध्ये माझं 'हं हं' नको, म्हणून मी तोंडावर हात धरून बसले. तू थांबलीस की मान हलवत होते. संध्याकाळ झाली होती. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेंगासुद्धा तू हातानं चाचपून फोडत होतीस. तुला माझी मान दिसणार कशी? हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी मोबाइलच्या पडद्यावर सरकणाऱ्या आकड्यांकडे पाहत होते.

तू सांगितलंस, गिरणा नदीच्या डोहात सात बहिणी राहायच्या. कुणाकडे लग्न असलं की आदल्या संध्याकाळी काठावरच्या दगडावर सुपारी ठेवायची आणि पंगत किती ते सांगायचं. सकाळी काठावर भांडी मांडलेली. घागरी, पराती, तपेली, तांबे. लग्न झालं की घासून पुसून दिवस बुडायच्या आत परत ठेवायची. पण रिकामी नाही, एका भांड्यात लग्नाच्या जेवणातलं मूठभर काहीतरी ठेवायचं. असं किती पिढ्या चाललं. मग एका घरात लग्न झालं. वऱ्हाड गेलं, घरचे थकून झोपले, आणि नवी नवरी एकटीच भांडी घेऊन डोहावर गेली.

"आनि तठे..." आणि तिथे, एवढं म्हणून तू थांबलीस.

मी मान हलवली.

रेकॉर्डिंगमध्ये या ठिकाणी बराच वेळ काही नाही. दोन शेंगा फुटल्याचा आवाज आहे. मग तू विचारतेस, "झोपनी का वं?" मी तेव्हाही बोलले नाही. मला वाटलं, तू पुढे सांगशीलच. पण तू म्हणालीस, "जाऊ दे. बाकीनं मंग सांगसू." आणि पोतं झटकायला उठलीस.

मी तुला थांबवू शकले असते. नाही थांबवलं. उलट मला वाटलं, पुरे एवढं. शेवट आपण रचू.

आणि मी रचला. नवरी एक तांब्या पदराखाली लपवते. बहिणींना कळतं. डोह त्या दिवसापासून भांडी देणं बंद करतो, आणि त्या घरात पुन्हा कधी पाळणा हलत नाही. वर्गात मी हे उभी राहून सांगितलं. शेवटच्या वाक्याला निकितानं वही उघडली, त्या दगडाच्या वेळी उघडली होती तशी. मॅडम पुढे येऊन म्हणाल्या, "पाळण्याचा हा शेवट मूळचा की तुझा?"

एवढाच प्रश्न होता. 'माझा' म्हटलं असतं तरी त्यांनी कौतुकच केलं असतं. पण मला वाटलं, मूळचा म्हटलं तर जास्त खरं वाटेल. आमच्या गावाकडे, आमच्या ओट्यावर असं काही आहे, जे यांच्या पुस्तकांत नाही, असं एकदा तरी या सगळ्यांना वाटावं असं वाटलं. मी म्हटलं, "मूळचा, मॅडम. अक्कानं सांगितला तसाच."

कहाणी विभागाच्या भित्तिपत्रकावर लागली. एकच पान, दुसरं नव्हतंच. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सांगणारी : सुमन अक्का'. मी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढला आणि घरी पाठवला. वडिलांनी तो आनंदानं गावाच्या ग्रुपवर टाकला.

अक्का, आम्ही या गावात उपरे. ती नवरी कुठल्या घरची, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. गावात ते सगळ्यांना माहीत होतं. तुझ्याच घरची, तुझ्या सासरच्या कुठल्यातरी जुन्या पिढीतली. आणि तुला मूल नव्हतं. माझ्या डोक्यात हे कधी शेजारी शेजारी आलंच नाही. पाळणा हलत नाही हे वाक्य मला फक्त चांगलं वाटलं होतं.

पिठाच्या गिरणीवर काय झालं ते मला आईनं सांगितलं. ती तुझ्या मागेच रांगेत होती. गिरणीवाल्यानं मोबाइलवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "काय अक्का, कालेजमा नाव उनं तुमनं! आपलाच घरनी कहानी सांगी टाकी का मंग?" दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. आई म्हणते, तू दळणाचा डबा पुढे सरकवलास. मग म्हणालीस, "हा, मीच सांगेल शे. तुले काय करनं शे? दयन दय तुन्हं." त्यानं मुकाट्यानं तुझं दळण टाकलं. तू पिठाचा डबा डोक्यावर घेऊन घरी आलीस. आई म्हणते, वाटेत तू तिच्याशी बोलली नाहीस, आणि रागावलेलीही दिसली नाहीस.

पुढच्या शनिवारी मी गावाला आले, दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. रविवारी जेवण झाल्यावर मी तुझ्याकडे आले. खरं तर आईनं ढकललं म्हणून आले. तू ओट्यावर होतीस. मी बसायच्या आधीच म्हणालीस, "हाई मन्हं नही." हे माझं नाही.

मी तयारी करून आले होते. म्हटलं, "अक्का, मॅडमनीच शेवट आपला रचाले सांगेल व्हता."

"मंग खाले नाव तुन्हं टाकती. शेवट तुन्हा, आनि नाव मन्हं?"

यावर मी जे बोलले ते आता आठवलं तरी अंग आकसतं. मी म्हटलं, "मंग गिरनीवर तूच कशी सांगी दिनं, मीच सांगेल शे म्हनीसन?"

तू माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलंस. "मंग काय करती? पोर कालेजमा जास. तिले खोटी पाडू का चार लोकेसमा?"

तू हे ओरडून म्हणाली असतीस तर बरं झालं असतं. तू ते, भाकरी झाली का असं विचारावं तशा आवाजात म्हणालीस. आणि मग, जरा थांबून, "तिनी ठेयेल नव्हतं वं. तिले देयेल व्हतं." म्हणजे त्या नवरीनं ते भांडं ठेवून घेतलेलं नव्हतं. तिला ते दिलेलं होतं.

मी विचारायला हवं होतं, कुणी दिलं? का दिलं? तू शेजारचं पोतं उलगडून टाकलंस, त्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "बठ. हुंकारा दे. बठ्ठी सांगस." सगळी सांगते.

मी म्हटलं, माझी साडेतीनची एसटी आहे. पुढच्या शनिवारी नक्की.

पुढच्या शनिवारी आले नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आले आणि तुझ्या घराकडे पाठ करून आमच्या दारातून आत गेले. तुझ्या काठीचा आवाज ओट्यावर येत होता. आई म्हणाली, "अक्का पुसत व्हती, पोर उनी का?" मी म्हटलं, परीक्षा झाल्यावर जाते. परीक्षेचं कारण फार सोयीचं असतं. त्याला आमच्या घरात कुणी काही म्हणत नाही.

परीक्षा झाल्यावर आले. तेव्हा तुझा पुतण्या नरडाण्याहून आलेला होता, तिकडे कारखान्यात असतो तो. घर आवरत होता. तुझी भांडी ओट्यावर नव्हती. मी त्याला विचारलं, भाऊ, डोहाच्या कहाणीचा शेवट तुम्हाला माहीत आहे का? त्याला आधी कळलंच नाही मी काय विचारते ते. मग कसनुसं हसून म्हणाला, "काकू कहान्या सांगे ना, पन ऐके कोन? आम्ही उनूत की मोबाइल देखत बसूत." मग पितळेची भांडी कुठे गेली ते विचारलं. म्हणाला, बठ्ठी मोडमा दिधी, नवं स्टील घेतलं, तेराव्याला लागलं. म्हणजे तो काठ नसलेला तांब्याही गेला.

तो तांब्या तोच, त्या नवरीला दिलेला होता, असं मी म्हणत नाही, अक्का. अगदी तोंडावर आलं होतं, पण नाही म्हणत. एकदा मी असं जोडून ठेवलं होतं.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांच्या टेबलावर अंकाची कच्ची पानं होती आणि त्यात माझी कहाणी होती, तुझ्या नावासह. मला वाटलं, त्या रागावतील. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठेवलेलं नव्हतं, दिलेलं होतं. एवढ्या एका वाक्यावर तू किती सुंदर रचू शकशील. तुझ्या नावानं लिही. दुसरं पान तर तुझंच आहे." मी म्हटलं, "मॅडम, मला आधीचं पान नीट करायचं आहे. दुसरं नको." भित्तिपत्रकावरचा कागद मी स्वतः काढला. 'आनि तठे' नंतरच्या ओळी कापून टाकल्या आणि खाली लिहिलं, 'पुढची कहाणी सांगणारीनं सांगितली नाही, कारण ऐकणारीनं हुंकारा दिला नाही.' अंकातही तसंच येईल. तुझं नाव आहे, फक्त तुझ्या शब्दांखाली. गावाच्या ग्रुपवर वडिलांनी नव्या कागदाचा फोटो टाकला. त्यावर कुणी काही लिहिलं नाही. आई म्हणते, गिरणीवाल्यानं तिला विचारलं, मग ते पाळण्याचं कुणाचं होतं? आई म्हणाली, "मन्ही पोरनं." गिरणीवर जाऊन हे मी म्हणायला हवं. या खेपेला जाणार आहे.

काल मी वर्गात तुझं रेकॉर्डिंग लावलं. हुंकारा म्हणजे काय ते आधी सांगितलं. तू पहिल्या वाक्याला थांबलीस, कुणीच काही म्हटलं नाही. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. दुसऱ्या वाक्याला मागच्या बाकावरून तो धुळ्याकडचा मुलगा म्हणाला, "हं." तिसऱ्याला चार-पाच जण. मग सगळा वर्ग. घागरी आल्या, हं. पराती आल्या, हं. तू सांगत होतीस आणि तीस-चाळीस पोरं तुला हुंकारा देत होती. तू किती रंगून सांगत होतीस ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

नवरी डोहावर गेली. "आनि तठे..."

"हं," वर्ग म्हणाला.

मग तो रिकामा वेळ. शेंगांचा आवाज. "झोपनी का वं?"

काही जण हसले. आणि निकिता, जिला आपली बोली येत नाही, ती आपल्या जागेवरून अगदी सहज, तू समोर बसली आहेस असं समजून म्हणाली, "नाही अक्का, जागे आहोत. सांगा ना."

तू म्हणालीस, "जाऊ दे. बाकीनं मंग सांगसू."

बंद झाल्यावरही वर्गातलं कुणी उठलं नाही. अजून येईल असं त्यांना वाटत होतं.

एक गोष्ट मी मॅडमना सांगितलेली नाही, आईलाही नाही. साडेतीनची एसटी नसतेच, अक्का. आपल्याकडून जळगावला बस पाचला असते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तुला तर बसच्या आवाजावरून वेळ कळायची. मी बॅग घेऊन थांब्यावर गेले आणि तिथे दीड तास बसून राहिले. थांब्यावरून तुझा ओटा दिसतो. तू आत गेली नाहीस. शेंगा घेतल्या नाहीस. नुसती बसून होतीस, रस्त्याकडे तोंड करून. बस आली, मी चढले, खिडकीतून पाहिलं, तेव्हाही माझ्यासाठी टाकलेलं पोतं तू उचललेलं नव्हतंस.